आकृती तीच, उत्तर निराळे : दृश्य प्रवाह-आज्ञावलीतील अंमलबजावणीच्या क्रमाचे दोष

प्रस्तावना

संगणकाची आज्ञावली ही अक्षरांत, एकाखाली एक ओळी मांडून लिहिली जाते असा आपला रूढ समज आहे. परंतु आज्ञावली रेखाटण्याचीही एक परंपरा आहे आणि ती आता पन्नास वर्षांहून अधिक जुनी झाली आहे. पडद्यावर चौकटी मांडावयाच्या, त्यांना एकमेकींशी तारांनी जोडावयाचे आणि त्या तारांमधून माहितीचा प्रवाह सोडावयाचा, ही ती पद्धती होय. बर्ट सदरलँड यांनी १९६६ मध्ये एमआयटी येथे सादर केलेल्या प्रबंधात या कल्पनेचे आरंभीचे रूप आढळते. आपल्या भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांना परिचित असलेली लॅबव्ह्यू ही प्रणाली १९८६ ची आहे. संगीताच्या क्षेत्रात मिलर पकेट यांनी पॅरिसच्या इरकाम या संस्थेत १९८० च्या दशकात 'पॅचर' तयार केला. पुढे संगणक-संगीताचे आद्य प्रवर्तक मॅक्स मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ त्यास 'मॅक्स' हे नाव मिळाले. फिलिप मनुरी यांच्या 'प्लुतॉन' या १९८८ च्या रचनेसाठी तो वापरला गेला आणि १९९० मध्ये त्याची व्यापारी आवृत्ती बाजारात आली. पकेट यांनीच १९९६ मध्ये 'प्युअर डेटा' ही मुक्त प्रणाली सादर केली. तिला वापरकर्ते 'पीडी' असे म्हणतात. प्रस्तुत लेखातही तेच नाव वापरले आहे.

पीडी विनामूल्य असल्याने आणि साध्या संगणकावरही चालत असल्याने ध्वनिशास्त्राच्या प्रयोगांसाठी ती महाविद्यालयांना सोयीची आहे. स्वरनिर्मिती, मायक्रोफोनवरील ध्वनीचे मापन, नोंदी, हे सर्व एकाच पॅचमध्ये होते. (पॅच म्हणजे चौकटी व तारा यांची मिळून झालेली आकृती.) या सोयीबरोबर एक दोषही येतो. तो पडद्यावर दिसत नाही, प्रणाली त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही आणि उत्तर मात्र चुकते. कोणती चौकट आधी आणि कोणती नंतर कार्य करणार, या क्रमातील तो दोष होय. त्याचे स्वरूप व निराकरण विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकास हा विषय पुस्तकातून सुचलेला नाही. एका विद्यार्थिनीच्या प्रयोगवहीतून सुचला.

एक प्रयोग आणि त्याचे संशयास्पद यश

एका टोकाने बंद असलेल्या नळीतील अनुनादावरून ध्वनीचा वेग काढणे हा पदवी स्तरावरील सर्वपरिचित प्रयोग आहे. पारंपरिक पद्धतीत स्वरकाटा ठराविक असतो आणि नळीतील हवेच्या स्तंभाची लांबी बदलली जाते. आमच्याकडील एका प्रकल्पगटाने याच्या उलट मांडणी केली. नळीची लांबी २५ सेंटिमीटर कायम ठेवली आणि पीडीच्या साहाय्याने ध्वनीची वारंवारता दर सेकंदास १० हर्ट्झने वाढवत नेली. प्रत्येक वारंवारतेस मायक्रोफोनवर किती पातळीचा ध्वनी येतो याची नोंद पॅच आपोआप करीत असे. जेथे पातळी कमाल, तेथे अनुनाद. गटाला कमाल पातळी ३५० हर्ट्झला मिळाली. वेग बरोबर चार गुणिले लांबी गुणिले वारंवारता, म्हणजे ४ × ०.२५ × ३५० = ३५० मीटर प्रतिसेकंद. प्रयोगशाळेतील तापमान ३० अंश सेल्सिअस होते आणि त्या तापमानास ध्वनीचा वेग सुमारे ३४९.५ मीटर प्रतिसेकंद असतो. इतका अचूक निष्कर्ष पाहून परीक्षकांनी उत्तम गुण दिले. त्या परीक्षकांत प्रस्तुत लेखकही होता.

पुढील वर्षी एका विद्यार्थिनीने तोच पॅच आणि तीच नळी घेऊन प्रयोग केला. तिने आधीच्या गटाने न केलेली एक गोष्ट केली, ती म्हणजे टोकाची दुरुस्ती. नळीच्या उघड्या टोकाशी कंप पावणारी हवा नळीच्या किंचित बाहेरपर्यंत जाते, म्हणून लांबीत व्यासाच्या सुमारे ०.३ पट भर घालावी लागते. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर असल्याने परिणामी लांबी २५.९ सेंटिमीटर झाली आणि वेग आला ३६२.६ मीटर प्रतिसेकंद. योग्य ती दुरुस्ती केल्यामुळे उत्तर बिघडले! लेखकाने तिला नळी पुन्हा मोजावयास सांगितले, तापमापक बदलावयास सांगितले, शेवटी दुरुस्तीचे गणित तपासावयास सांगितले. पॅच तपासावयाचे कोणाच्याही मनात आले नाही, कारण तो 'चालत' होता. खरे तर चूक पॅचमध्येच होती आणि आधीच्या गटाच्या दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. हे कसे घडले ते समजण्यासाठी पीडीतील प्रवाहाचे नियम पाहणे आवश्यक आहे.

उष्ण द्वार, शीत द्वार

पीडीतील प्रत्येक चौकटीस, म्हणजे ऑब्जेक्टला, वरच्या बाजूस इनलेट व खालच्या बाजूस आउटलेट असतात. ऑब्जेक्टला एकाहून अधिक इनलेट असतील तर बहुतांशी केवळ सर्वांत डावीकडचे इनलेट 'उष्ण' असते. त्यात संदेश येताच ऑब्जेक्ट कार्य करतो व निष्कर्ष खाली पाठवितो. उरलेली इनलेट 'शीत' असतात. त्यांत आलेले मूल्य साठवून ठेवले जाते, परंतु तेवढ्याने ऑब्जेक्ट हालचाल करीत नाही.

येथे लॅबव्ह्यूशी तुलना उद्बोधक ठरेल. लॅबव्ह्यूमध्ये एखादा घटक त्याच्या सर्व इनपुटवर मूल्ये आल्याखेरीज कार्य करीत नाही. प्रवाह-आज्ञावलीचा हाच खरा अर्थ. त्या काटेकोर अर्थाने पीडी किंवा मॅक्स यांना प्रवाह-प्रणाली म्हणता येईल काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्यांत प्रत्यक्षात संदेश पाठविले जातात आणि डावे द्वार हेच घोड्याच्या चाबकासारखे काम करते. जिवंत मैफलीत पट्टी दाबली की स्वर त्याच क्षणी उमटला पाहिजे, अन्य मूल्यांची वाट पाहत थांबून चालत नाही. त्या गरजेला ही रचना उत्तम शोभते. मात्र या रचनेमुळे क्रमाची जबाबदारी प्रणालीकडून आज्ञावली रेखाटणाऱ्याकडे येते.

याचे सर्वांत छोटे उदाहरण म्हणजे संख्येचा वर्ग. गुणाकाराचा एक ऑब्जेक्ट घ्यावा आणि एकाच संख्या-चौकटीतून त्याच्या दोन्ही इनलेटला एकेक तार जोडावी. आकृती पाहता ३ दिल्यास ९, ४ दिल्यास १६ आणि ५ दिल्यास २५ मिळावयास हवेत. डावीकडची तार आधी जोडली असेल तर मात्र अनुक्रमे ०, १२ आणि २० मिळतात. कारण असे की ३ हा अंक प्रथम उष्ण द्वारी पोहोचतो. त्या वेळी शीत द्वारी आरंभीचे शून्य असते. गुणाकार होऊन शून्य बाहेर पडल्यावर ३ शीत द्वारी जाऊन बसतो. पुढे ४ येतो तेव्हा त्याची गाठ या जुन्या ३ शी पडते. प्रत्येक वेळी नवी संख्या आधीच्या संख्येने गुणली जाते. तीच संख्या लागोपाठ दोनदा दिली तर उत्तर अचूक येते, त्यामुळे घाईने केलेल्या चाचणीत हा दोष हमखास निसटतो.

तारांना फाटे फुटतात तेव्हा

एका आउटलेटमधून दोन तारा निघाल्या की नवशिक्यास पाटाच्या पाण्याची आठवण होते. पाटाला फाटा फुटला की पाणी दोन्हीकडे एकाच वेळी वाहू लागते. पॅचमध्ये तसे होत नाही. येथे एकच पोस्टमन आहे. तो पहिल्या गल्लीत शिरतो, त्या गल्लीच्या पोटगल्ल्यांसह शेवटच्या घरापर्यंत जातो, आणि तेथील सर्व काम आटोपल्यावरच परत नाक्यावर येऊन दुसऱ्या गल्लीत वळतो. संगणकशास्त्रात या पद्धतीस आधी खोलवर जाणारा क्रम म्हणतात.

मग पहिली गल्ली कोणती? येथे मॅक्स व पीडी यांचे मार्ग वेगळे होतात. मॅक्समध्ये हा क्रम ऑब्जेक्टच्या पडद्यावरील स्थानावरून ठरतो. उजवीकडचा आधी, डावीकडचा नंतर. दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतील तर खालचा आधी. पीडीमध्ये स्थानाला काहीही महत्त्व नाही. तेथे जी तार आधी जोडली ती आधी, हा प्रत्यक्ष व्यवहार आहे. परंतु त्यावर विसंबू नये, हा क्रम अनिश्चितच मानावा, असा अभ्यासकांचा व प्रणालीच्या माहितीपुस्तिकेचा दंडक आहे. परिणामी मॅक्समध्ये ऑब्जेक्ट सरकवून आकृती नीटनेटकी केली तर अर्थ बदलू शकतो आणि पीडीमध्ये एखादी तार काढून पुन्हा जोडली तर अर्थ बदलू शकतो. टापटिपीची शिक्षा दोन्हीकडे आहे. त्यातही पीडीची अधिक कठोर, कारण तेथे आधीच्या व नंतरच्या आकृतीत तसूभरही फरक दिसत नाही. मुद्रित प्रत जोडून दिलेला प्रकल्प-अहवाल अशा वेळी परीक्षकाच्या काहीच उपयोगाचा नसतो.

आता नळीच्या प्रयोगाकडे वळू. पॅचमध्ये 'मेट्रो' हा ऑब्जेक्ट दर १००० मिलिसेकंदांनी एक ठोका देत असे. त्याच्या आउटलेटमधून दोन तारा निघत होत्या. पहिली तार मायक्रोफोनची शेवटची पातळी साठविणाऱ्या 'फ्लोट'कडे जाई. तेथून ती पातळी 'पॅक' या ऑब्जेक्टच्या उष्ण द्वारी पोहोचे आणि पातळी व वारंवारता यांची जोडी नोंदली जाई. दुसरी तार वारंवारता मोजणाऱ्या गणकाकडे जाई. गणक १० ने वाढे, नवी वारंवारता ध्वनिजनकाकडे आणि 'पॅक'च्या शीत द्वाराकडे जाई. योग्य क्रम उघड आहे : आधी चालू वारंवारतेची नोंद, मग पुढील वारंवारतेकडे प्रस्थान.

पॅच तयार झाला तेव्हा तारा याच क्रमाने जोडल्या होत्या आणि तो अचूक चालत होता. सादरीकरणापूर्वी गटातील एकाने पहिली तार काढली, नोंदीचा भाग बाजूला सरकवला आणि तार पुन्हा जोडली. आता ती दुसरी झाली. ठोका पडताच गणक ३४० वरून ३५० वर जाई, 'पॅक'मध्ये ३५० हा अंक बसे, आणि त्यानंतर पातळी येई; ती मात्र ३४० हर्ट्झच्या ध्वनीची. येथे एक शंका येऊ शकते की ध्वनिजनकालाही नवी वारंवारता मिळालेली असताना पातळी जुनी कशी? त्याचे उत्तर असे की संदेशांची ही सर्व धावपळ एकाच तार्किक क्षणात घडते. पोस्टमनची फेरी पुरी होईपर्यंत पीडीचे घड्याळ थांबलेले असते, ध्वनीचा एकही नवा नमुना तयार होत नाही. म्हणून ३४० ची पातळी ३५० च्या नावावर नोंदली गेली आणि संपूर्ण आलेख १० हर्ट्झने पुढे सरकला. पहिल्या गटाने टोकाची दुरुस्ती न केल्याने वेग कमी यावयास हवा होता; सरकलेल्या आलेखाने तो वाढविला. दोहोंची वजाबाकी होऊन ३५० हे सुंदर उत्तर आले.

दोष शोधण्याची रीत

या दोषाचा छडा विद्यार्थिनीनेच लावला आणि तोही पॅच न उघडता. तिने वारंवारता चढत्याऐवजी उतरत्या क्रमाने नेली. कमाल पातळी आता ३३० हर्ट्झला आली. नळी तीच, तापमान तेच आणि अनुनाद वर जाताना ३५० ला, खाली येताना ३३० ला! निसर्गाला आपण कोणत्या दिशेने मोजतो याची फिकीर नसते. फरक दिशेबरोबर उलटतो याचा अर्थ नोंद एका पायरीने मागे आहे. क्रमदोषाचा संशय आल्यास प्रवाहाची दिशा उलटून पाहणे ही इतकी सोपी व निर्णायक चाचणी आहे की तिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांतून ठळकपणे व्हावयास हवा, असे लेखकास वाटते.

पॅचच्या आत पाहावयाचे झाल्यास 'प्रिंट' हा ऑब्जेक्ट उपयोगी पडतो. शंकास्पद तारांच्या शेवटी निरनिराळ्या नावांचे 'प्रिंट' जोडावेत व कन्सोलवर कोणते नाव आधी उमटते ते पाहावे. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. 'प्रिंट' शेवटी जोडला असेल तर पोस्टमनही तेथे शेवटीच जातो. ज्या आउटलेटला तो जोडला आहे त्याखालचे सर्व काम, आणि त्यात असलेले अन्य 'प्रिंट'ही, आधी उरकले जातात. त्यामुळे कारण नंतर आणि परिणाम आधी उमटल्याचा भास होतो. आमचा एक तास यातच गेला.

पीडीची फाइल साध्या मजकुराची असते, हीदेखील मोठी सोय आहे. ती मजकूर-संपादकात उघडल्यास शेवटी 'कनेक्ट' या शब्दाच्या ओळी दिसतात. प्रत्येक ओळीत चार अंक असतात : कोणत्या ऑब्जेक्टच्या कितव्या आउटलेटमधून कोणत्या ऑब्जेक्टच्या कितव्या इनलेटला तार गेली आहे. मोजणी शून्यापासून. मेट्रो हा शून्य क्रमांकाचा, गणक १ व पातळीचा फ्लोट ४ क्रमांकाचा असेल, तर सदोष फाइलीत '० ० १ ०' ही ओळ '० ० ४ ०' या ओळीच्या आधी असते. संपूर्ण दोष एवढ्या दोन ओळींच्या अदलाबदलीत सामावलेला होता. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना चित्राऐवजी फाइल मागवावी, ती याचसाठी.

निराकरण : 'ट्रिगर'

उपाय एका शब्दाचा आहे. जेथे एका आउटलेटमधून एकाहून अधिक तारा निघतात आणि त्यांचा पुढे कोठेतरी संगम होतो, तेथे मध्ये 'ट्रिगर' ठेवावा. त्याचे संक्षिप्त रूप 'टी'. त्यापुढे लिहिलेल्या प्रत्येक अक्षरासाठी एक आउटलेट मिळतो : 'एफ' म्हणजे संख्या, 'बी' म्हणजे नुसता ठोका, 'एल' म्हणजे यादी, 'ए' म्हणजे जे येईल ते. ट्रिगर आपली आउटलेट नेहमीच उजवीकडून डावीकडे वापरतो. तारा केव्हा जोडल्या, चौकटी कोठे ठेवल्या, याचा त्यावर परिणाम होत नाही. उजवीकडून डावीकडे हा क्रम देवनागरीत वाचणाऱ्यास प्रथम उलटा वाटतो. परंतु शीत द्वारे उजवीकडे आणि उष्ण द्वार डावीकडे असल्याने आधी सामग्री व शेवटी आज्ञा असा तो स्वाभाविक क्रम आहे. फोडणीचे सर्व जिन्नस हाताशी ठेवावेत आणि मग तेल तापवावे, तसेच हे.

वर्गाच्या उदाहरणात 'टी एफ एफ' ठेवून उजवे आउटलेट शीत द्वारास व डावे उष्ण द्वारास जोडले की ९, १६, २५ मिळतात. नळीच्या पॅचमध्ये 'टी बी बी' पुरेसा झाला. उजवा ठोका नोंदीकडे, डावा गणकाकडे. आता तारा शंभर वेळा काढून जोडल्या तरी अर्थ बदलत नाही आणि क्रम आकृतीत डोळ्यांना दिसतो.

काही जण यासाठी शून्य मिलिसेकंदांचा 'डिले' वापरतात. त्यामुळे संदेश चालू फेरी संपेपर्यंत थांबविला जातो व दोष तात्पुरता नाहीसा होतो. परंतु दुसऱ्या ठिकाणी दुसरा शून्य-डिले लागला की त्या दोघांत आधी कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. लेखकाच्या मते हा उपचार लक्षणांवरचा आहे. 'सेंड' व 'रिसीव्ह' या बिनतारी जोड्यांबाबतही तीच काळजी घ्यावी. एकाच नावाचे अनेक 'रिसीव्ह' असतील तर त्यांतील क्रम गृहीत धरू नये. आधी-नंतरचे महत्त्व असेल तेथे निरनिराळी नावे देऊन ती एका ट्रिगरमधूनच पाठवावीत. पॅच उघडताच कार्य करणारे 'लोडबँग'ही शक्यतो एकच असावे.

ध्वनिप्रवाहातील क्रम

ध्वनीच्या तारांचे, म्हणजे ज्यांच्या नावापुढे टिल्डचे चिन्ह असते अशा ऑब्जेक्टचे, गणित निराळे आहे. तेथे उष्ण-शीत हा भेद नाही. ध्वनी सुरू करताना पीडी सर्व तारांचा विचार करून कोणी कोणाआधी चालावे याची क्रमवारी स्वतःच लावते आणि मग ६४ नमुन्यांचा एकेक गट तयार करीत जाते. तारा असतील तेथे चूक संभवत नाही. तारांचे वर्तुळ झाल्यास प्रणाली तशी स्पष्ट तक्रार करते.

अडचण येते ती बिनतारी मार्गांत. ध्वनी पाठविणारा 'सेंड' क्रमवारीत 'रिसीव्ह'च्या नंतर लागला, तर रिसीव्हला आधीचा गट मिळतो. दर सेकंदास ४४१०० नमुने असता ६४ नमुन्यांचा हा उशीर सुमारे १.४५ मिलिसेकंद होतो. कानाला तो उशीर म्हणून कळत नाही. परंतु तोच ध्वनी सरळ मार्गानेही येऊन त्यात मिसळत असेल तर ३४४.५ हर्ट्झला आणि तिच्या विषम पटींना दोन्ही लहरी परस्परविरोधी होऊन नष्ट होतात. आवाज पोकळ वाटतो आणि विद्यार्थी मायक्रोफोनला दोष देतात. (अनुनादाच्या आमच्या प्रयोगात असे घडले असते तर कमाल पातळी नेमकी जेथे हवी तेथेच ती लोप पावली असती.) 'डिलेराइट' व 'डिलेरीड' या जोडीलाही हेच लागू आहे; वाचणारा आधी लागला तर विलंब एका गटाहून कमी करता येत नाही. यावरचा उपाय म्हणजे लिहिणारा व वाचणारा यांना दोन उपपॅचमध्ये ठेवून त्या उपपॅचना एका ध्वनि-तारेने जोडणे. त्या तारेतून उपयुक्त असे काही वाहिले नाही तरी चालते. तिच्यामुळे क्रमवारी ठरते. लॅबव्ह्यूमध्ये अनुभवी लोक दोन स्वतंत्र घटकांना त्रुटीच्या तारेने ओवून क्रम लावतात, ती युक्ती याच जातीची आहे.

दुरुस्तीनंतरचे निष्कर्ष

'टी बी बी' घातलेल्या पॅचने चढत्या व उतरत्या दोन्ही क्रमांत कमाल पातळी ३४० हर्ट्झलाच दाखविली. टोकाच्या दुरुस्तीसह वेग ३५२.२ मीटर प्रतिसेकंद आला. त्यानंतर विद्यार्थिनीने पायरी १० ऐवजी २ हर्ट्झची केली. कमाल ३३८ ला मिळाली आणि वेग ३५०.२ झाला. तिने प्रयोगवहीत त्याखाली एक टीप लिहिली आहे : सुरुवातीसच २ हर्ट्झची पायरी घेतली असती तर सदोष पॅचने आलेख केवळ २ हर्ट्झने सरकविला असता, वेगात सुमारे २ मीटर प्रतिसेकंदांचा फरक पडला असता आणि तो आपण प्रायोगिक त्रुटीच्या सदरात टाकून मोकळे झालो असतो. आधीच्या गटाच्या अहवालाची प्रत विभागात आहे. तिच्यातील पॅचचे चित्र आणि दुरुस्तीपूर्वीच्या मूळ अचूक पॅचचे चित्र शेजारी ठेवून पाहिले. नोंदीची चौकट थोडी बाजूला सरकली आहे, एवढाच काय तो फरक.